टार्पनच्या सहलीची आखणी: आधी ओहोटी, मग कॅप्टन, तिकिटे सर्वांत शेवटी

टार्पन म्हणजे गळाला लागताच हवेत उड्या मारणारा मोठा समुद्री मासा. तो गरवण्यासाठी अमेरिकेतल्या मराठी मित्रमंडळींची सहल बहुतेक वेळा एकाच क्रमाने ठरते. आधी लाँग वीकेंड पक्का होतो, मग स्वस्त विमानतिकिटे मिळतात, मग पोहण्याचा तलाव असलेले घर भाड्याने घेतले जाते आणि एवढे सगळे झाल्यावर कुणाला तरी आठवते की मासेमारीला होडी नेणारा कॅप्टन ठरवायचा राहिला आहे. हा क्रम पूर्ण उलटा आहे. आमच्या पहिल्या वर्षी आम्हीही असेच केले. मे महिन्यातले चार दिवस फ्लोरिडा कीजमध्ये, म्हणजे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांच्या माळेत, राहून प्रत्यक्ष गरवायला मिळाली ती एकच अर्धी सकाळ, आणि तीही प्रवाह जवळजवळ थांबलेल्या पाण्यात.

पुढील टप्पे फ्लोरिडा कीजसाठी, त्यातही इस्लामोराडा ते बाहिया होंडा या पट्ट्यासाठी लिहिले आहेत. चार ते सहा जणांचा गट, त्यातील बहुतेकांना टार्पनचा अनुभव नाही आणि सर्व जण विमानाने येणार, असे येथे गृहीत धरले आहे.

## १. आधी डोकी मोजा आणि होड्या ठरवा

भाड्याने होडी नेणाऱ्या कॅप्टनचा तटरक्षक दलाचा नेहमीचा परवाना जास्तीत जास्त सहा प्रवाशांचा असतो. त्यावरून सहा मित्र म्हणजे एक होडी असे गणित मांडले जाते, आणि पहिली चूक तिथेच होते. उथळ पाण्यात बांबूसारख्या लांब काठीने ढकलत नेली जाणारी सतरा-अठरा फुटी स्किफ दोन माणसांसाठीच असते. पुलांखालच्या खोल प्रवाहात जिवंत आमिषाने गरवण्यासाठी वापरली जाणारी बावीस-चोवीस फुटी बे-बोट तिघांना आरामात आणि चौघांना अडचणीने पुरते.

यामागे केवळ बसण्याच्या जागेचा प्रश्न नाही. पन्नास किलोंचा मासा गळाला लागला की बाकीच्या सर्व लाईन तत्काळ गुंडाळाव्या लागतात, मासा होडीला वळसा घालेल तसे रॉड धरलेल्या माणसालाही फिरावे लागते आणि तेवढा वेळ उरलेल्यांना अंग चोरून बसण्यापलीकडे काही काम नसते. म्हणून सहा जणांनी तीन-तीनच्या दोन बे-बोटी घ्याव्यात. पहिला कॅप्टन ठरला की दुसऱ्याचे नाव त्यालाच विचारावे. जोडीने काम करणारे कॅप्टन मासा कुठे आहे हे एकमेकांना कळवतात, आणि याचा फायदा दोन्ही होड्यांना होतो.

ज्यांना मासेमारीत रस नाही, त्यांना केवळ सोबत म्हणून आठ तास उन्हात बसवू नये. इस्लामोराडाला रॉबीज मरीनाच्या धक्क्यावर बादलीभर लहान मासे विकत घेऊन टार्पनांना हाताने भरवता येतात, आणि एवढे टार्पनदर्शन अशा मंडळींना पुरते. तिथले पेलिकन मात्र बादलीवर डल्ला मारायला टपलेले असतात.

पाळीचा नियमही याच टप्प्यावर लिहून ठेवावा. चिठ्ठ्या टाकून क्रम लावावा आणि पाळी घड्याळावर न मोजता माशावर मोजावी. मासा गळाला लागून त्याने एक जरी उडी मारली तरी पाळी संपली, मग तो हाती येवो वा न येवो. गळाला लागलेले अनेक टार्पन पहिल्या दोन-तीन उड्यांतच सुटतात, त्यामुळे हा नियम आधी ठरलेला नसेल तर धुसफूस ठरलेलीच असते.

तपासणी: कोण येणार, किती होड्या घ्यायच्या, प्रत्येक होडीत कोण बसणार आणि पाळी कशी लागणार, या चार गोष्टी लेखी झाल्याशिवाय तारखांची चर्चा सुरू करू नये.

## २. तारखा सुटीवरून नव्हे, चंद्रावरून काढा

कीजमध्ये मोठ्या टार्पनांचा मुख्य हंगाम एप्रिल ते जुलैचा पूर्वार्ध असा असतो आणि त्याचा भर मे-जूनमध्ये असतो. पाण्याचे तापमान सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या वर गेले की हे मासे कळपांनी फिरू लागतात. एप्रिलमध्ये उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट आली तर ते दोन-तीन दिवस दिसेनासे होतात. नवख्या गटाने म्हणूनच एप्रिलचा पूर्वार्ध टाळावा.

महिना ठरला की तिथीकडे वळावे. अमावास्या आणि पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, व अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी कमी चढ-उतरणारी मंद भरती-ओहोटी, हे कोकणातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तोच हिशेब येथेही चालतो, फक्त नजर वेगळ्या गोष्टीवर ठेवावी लागते. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या पुढे गेली की बातमी होते. कीजमध्ये मात्र पाणी जेमतेम दोन-तीन फुटांनी चढते-उतरते, त्यामुळे किनाऱ्यावर उभे राहून भरती आल्याचे जाणवतही नाही. तरीही बेटांमधल्या अरुंद खाड्यांतून हे पाणी अटलांटिक आणि मेक्सिकोचे आखात यांच्यामध्ये ये-जा करते, तेव्हा पुलांखाली जोराचा प्रवाह तयार होतो, आणि त्या प्रवाहातून वाहत येणारे खेकडे व लहान मासे खाण्यासाठी टार्पन पुलाच्या खांबांजवळ प्रवाहाकडे तोंड करून थांबतात. आपल्याला गाठायचा असतो तो हा प्रवाह.

एक उदाहरण घेऊ. २०२६ मध्ये मेमोरियल डेचा सोमवार २५ मे रोजी येतो. त्या महिन्यात अमावास्या १६ मेला, शुक्ल अष्टमीच्या सुमाराचा अर्धचंद्र २३ मेला आणि पौर्णिमा ३१ मेला आहे. म्हणजे सगळे जण ज्या लाँग वीकेंडवर झडप घालतात तो नेमका भांगाचा आहे, शिवाय रस्ते, मरीना आणि कॅप्टन यांच्यावर गर्दी असते ती वेगळीच. पुलाखाली गरवायचे असेल तर त्याच महिन्यात अमावास्या किंवा पौर्णिमेच्या मागचे-पुढचे तीन दिवस कितीतरी चांगले. उथळ पाण्यात मासा डोळ्यांनी पाहून फ्लाय (हलके कृत्रिम आमिष) टाकणाऱ्यांना भांग एवढा बाधक नसतो. त्यांना स्वच्छ ऊन आणि कमी वारा अधिक महत्त्वाचा.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास मे-जूनमध्ये आणखी एक प्रकार घडतो. संध्याकाळच्या ओहोटीला तळातले पालोलो किडे असंख्य संख्येने वर येतात आणि टार्पन बाकी सारे सोडून ते टिपू लागतात. याचा नेमका दिवस कोणी आधी सांगू शकत नाही, म्हणून त्यावर सहल उभी करू नये. मात्र त्या तिथींना एखादी संध्याकाळ मोकळी ठेवायला हरकत नाही.

सावधान: घरातली मराठी दिनदर्शिका भारतीय वेळेवर चालते, त्यामुळे तिथी एखाद्या दिवसाने पुढे-मागे दिसू शकते. चंद्राची वेळ फ्लोरिडाच्या घड्याळाप्रमाणेच पाहावी. भरती-ओहोटीचे कोष्टकही ज्या पुलाजवळ जाणार त्याच्या सर्वांत जवळच्या ठिकाणाचे घ्यावे, कारण मायामीचे कोष्टक येथे निरुपयोगी ठरते.

अशा रीतीने तीन पर्यायी तारखा काढाव्यात आणि मित्रांना "कधी जमेल?" असे मोघम न विचारता, या तिन्हींपैकी कोणत्या चालतील एवढेच विचारावे.

## ३. कॅप्टन गाठा आणि त्याला खरे सांगा

मे-जूनमधल्या चांगल्या ओहोट्या जुन्या गिऱ्हाइकांनी वर्षभर आधीच अडवलेल्या असतात. म्हणून तीन पर्यायी तारखा हातात घेऊन किमान सहा ते आठ महिने आधी फोन करावा. ई-मेल पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नये, कारण कॅप्टन दिवसभर पाण्यावर असतात आणि संध्याकाळी फोनवर भेटतात.

फोनवर पुढील गोष्टी विचारून त्या लिहून घ्याव्यात. दर होडीचा आहे की माणशी? बहुतेक वेळा तो होडीचा असतो आणि हे न कळल्यामुळे हिशेब चुकतात. अर्धा दिवस म्हणजे चार तास आणि पूर्ण दिवस म्हणजे आठ तास, हे त्या कॅप्टनकडेही तसेच आहे का? आमिषाचे जिवंत खेकडे आणि बोय मासे यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात का? आगाऊ रक्कम किती, आणि हवामानामुळे कॅप्टनने फेरी रद्द केली तर ती परत मिळते की पुढच्या तारखेला लागते? ओहोटी संध्याकाळी असेल तर तो संध्याकाळची फेरी करतो का? हा शेवटचा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. सकाळी सातची वेळ ही केवळ सवय आहे. त्या दिवशीचा चांगला प्रवाह दुपारी चारला सुरू होणार असेल तर सातला निघून काहीच साधत नाही.

स्वतःविषयी मात्र बढाई मारू नये. लहानपणी वाशिष्ठीच्या पुलावरून गरी टाकली होती, एवढ्या भांडवलावर "आम्ही अनुभवी आहोत" असे सांगितले की कॅप्टन तुम्हाला उथळ पाण्यात, दूरच्या फेकीच्या माशांवर नेतो आणि दिवस रिकामा जातो. नवखे आहोत असे स्पष्ट सांगितले तर तो पुलाजवळ नांगर टाकून, फुग्याखाली जिवंत आमिष प्रवाहाबरोबर सोडण्याची पद्धत निवडतो. त्यात लांब फेक जवळजवळ लागतच नाही.

तपासणी: ठरलेली तारीख, वेळ, धक्का, दर आणि रद्द करण्याच्या अटी लेखी मिळाल्या, दोन्ही होड्यांची आगाऊ रक्कम पोहोचली, मगच पुढचा टप्पा.

## ४. आता तिकिटे आणि घर

मायामी विमानतळावरून इस्लामोराडा साधारण ८० मैल आणि मॅरेथॉन ११० मैलांच्या आसपास आहे. रस्ता एकच, यूएस-१, आणि तोही बराचसा दुपदरी. शुक्रवारी संध्याकाळी या रस्त्यावर दोन तासांचे चार तास सहज होतात, म्हणून उतरण्याची वेळ सकाळची घ्यावी. पत्ते मैलाच्या दगडांवरून सांगितले जातात. की वेस्ट शून्यावर, मॅरेथॉन ५० च्या आसपास आणि इस्लामोराडा ८२ च्या आसपास. घर घेताना स्वयंपाकघराच्या फोटोंपेक्षा हा आकडा पाहावा आणि तो कॅप्टनच्या धक्क्यापासून दहा मैलांच्या आत ठेवावा.

दोन दिवस गरवायचे असेल तर चार रात्रींचा मुक्काम ठेवावा, म्हणजे वारा किंवा वादळामुळे एक दिवस गेला तरी पर्याय उरतो. चक्रीवादळांचा हंगाम १ जूनपासून अधिकृतपणे सुरू होतो. जूनच्या सुरुवातीला वादळ येण्याची शक्यता कमी असली तरी त्या महिन्याची तिकिटे बदलता येण्याजोगी असावीत. दुपारचा विजांचा गडगडाट मात्र नेहमीचाच असतो.

टार्पन मेक्सिको, बेलीझ आणि कोस्टा रिका येथेही मिळतो. परंतु गटातील कोणाच्या पासपोर्टवरील व्हिसाचा शिक्का संपलेला असेल, तर देशाबाहेर जाण्यापूर्वी परत येण्याचे नियम नीट तपासावे लागतात. पहिल्या सहलीसाठी फ्लोरिडा सुटसुटीत.

## ५. परवाना आणि नियम

परवानाधारक कॅप्टनच्या भाड्याच्या होडीवर असताना प्रत्येकाने वेगळा परवाना काढण्याची गरज नसते, कारण कॅप्टनचा परवाना सर्वांना लागू होतो. मात्र संध्याकाळी स्वतःच पुलावर किंवा किनाऱ्यावर गळ टाकायचा असेल तर फ्लोरिडाबाहेरून आलेल्या प्रत्येकाला खाऱ्या पाण्याचा परवाना लागतो. तो तीन दिवसांसाठी १७ डॉलर आणि सात दिवसांसाठी ३० डॉलर असा आहे, आणि निघण्यापूर्वी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाच्या संकेतस्थळावर चालू दर पाहून घ्यावा. सोळा वर्षांखालील मुलांना सूट आहे. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींची सूट फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना मिळते, त्यामुळे भारतातून आलेल्या वडिलांना ती लागू होईल असे समजू नये.

टार्पन येथे पकडून सोडण्याचा मासा आहे. मारून ठेवायचा तर विशेष टॅग घ्यावा लागतो, तोही वर्षाला एका व्यक्तीस एकच, आणि विक्रमाचा प्रयत्न असेल तरच. असा टॅग नसताना शेपटीच्या खाचेपर्यंत ४० इंचांहून लांब असलेला टार्पन पाण्याबाहेर काढता येत नाही. कालवणाचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो मायामीतच सोडावा. हा काटेरी मासा तिथे कोणी खातही नाही.

## ६. निघण्यापूर्वीचे चार आठवडे

रॉड, रीळ, गळ हे सर्व कॅप्टन देतो. जुने रीळ घेऊन जाण्याचा मोह टाळावा. फ्लायवाल्यांनी अकरा किंवा बारा क्रमांकाचा रॉड न्यावा आणि तोही कॅप्टनला विचारूनच. सामानाची खरेदी याहून पुढे जाऊ नये. सराव मात्र स्वतःच करावा लागतो, आणि बहुतेक गट नेमका तोच टाळतात.

पहिला सराव दिशेचा. कॅप्टन "अकरा वाजता, चाळीस फूट" असे ओरडतो, तेव्हा होडीचे नाक म्हणजे बारा वाजले असे धरून डावीकडे किंचित वळून टाकायचे असते. मैदानात एकाने वेळ आणि अंतर पुकारावे, दुसऱ्याने गळ नसलेले वजन तिथे टाकावे. चाळीस फूट म्हणजे किती, हे पावलांनी मोजून डोळ्यांत बसवावे, कारण घरात बसून प्रत्येकाचे चाळीस फूट वेगळे असतात.

दुसरा सराव हात आवरण्याचा. जिवंत आमिषाला सर्कल गळ, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, लावतात. मासा घेऊन निघाला की झटका द्यायचा नसतो. लाईन ताणेपर्यंत फक्त रीळ फिरवायचे असते आणि गळ जबड्याच्या कोपऱ्यात स्वतःहून बसतो. नदीत, तलावात गरवून आलेल्या माणसाचा हात सवयीने वर जातो आणि मासा निसटतो. मित्राला लाईनचे टोक धरून पळायला लावावे आणि रॉड न उचलता रीळ फिरवण्याची सवय करावी. पंचवीस वेळा केल्यावर हात ऐकू लागतो.

तिसरा सराव झुकण्याचा. टार्पन हवेत उडाला की रॉड त्याच्या दिशेने पुढे झुकवून लाईन क्षणभर सैल सोडावी लागते. तसे न केल्यास उडालेला मासा ताणलेल्या लाईनवर कोसळतो आणि एकतर लाईन तुटते किंवा गळ निसटतो. मासा पाण्यात पडताच पुन्हा ताण.

## ७. पिशवीत काय असावे

पोलराइज्ड गॉगल, लांब बाह्यांचा पातळ सदरा, मान झाकणारे कापड, डाग न पाडणाऱ्या तळव्यांचे बूट आणि माणशी किमान तीन लिटर पाणी. सनस्क्रीन लावल्यावर हात धुऊन पुसावेत, कारण त्याचा वास आमिषाला लागतो. समुद्र लागण्याचे औषध होडीत बसून घेतल्यास उशीर झालेला असतो. डॉक्टरांना विचारून ते आदल्या रात्री आणि सकाळी घ्यावे. बक्षिसीसाठी भाड्याच्या १५ ते २० टक्के रोख रक्कम आदल्या दिवशीच काढून ठेवावी.

एक गोष्ट मात्र नेऊ नये. होडीवर केळी अशुभ मानली जातात आणि काही कॅप्टन ती पाहून खरोखरच अस्वस्थ होतात. संकष्टी किंवा एकादशी आली तर उपवासवाल्यांनी खजूर, शेंगदाणे आणि राजगिऱ्याचे लाडू न्यावेत.

## ८. मासा लागल्यावर कोणी काय करायचे

धक्का सोडण्यापूर्वी कॅप्टनसमोर कामे वाटून घ्यावीत. पाळी असलेल्याने फक्त मासा पाहायचा, दुसऱ्याने बाकीच्या लाईन गुंडाळायच्या, तिसऱ्याने होडीच्या तळावरचे सामान बाजूला करून मगच फोन हातात घ्यायचा. कॅप्टन नांगराची दोरी तरंगत्या बोयाला बांधून सोडून देतो आणि होडी माशामागे नेतो, म्हणून त्या दोरीच्या आसपास कोणी उभे राहू नये.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे लाईन सुटताना तिला होणारा अडथळा, कॅप्टनने लावून दिलेला असतो. मासा धावू लागला की तो घट्ट करावासा वाटतो, आणि त्याच क्षणी लाईन तुटते. ड्रॅगला हात लावूच नये. मासा दमू लागला की रॉड उंच धरण्याऐवजी आडवा, पाण्याजवळ आणि मासा जाईल त्याच्या उलट बाजूला ओढावा. टार्पन पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा गिळतो आणि ही हवा मिळाली की त्याला नवा जोम येतो, म्हणून तो वर येऊ लागताच डोके बाजूला खेचावे. हे नीट केले तर झुंज अर्ध्या तासात संपते. दोन तास झुंज चालली याचा अभिमान बाळगण्यासारखे काही नाही. तेवढ्यात मासा अर्धमेला झालेला असतो.

सावधान: पुलांजवळ हातोडी शार्क आणि बुल शार्क टार्पनाच्या मागावर असतात. शार्क दिसताच कॅप्टन लाईन मोकळी सोडायला किंवा तोडायला सांगतो. त्या क्षणी वाद घालू नये, हे सर्वांनी किनाऱ्यावरच मान्य केलेले असावे.

## ९. सोडताना

फोटो होडीच्या कडेला वाकून, माशाचे डोके पाण्यात ठेवूनच घ्यावा. मासा उभा टांगू नये, कल्ल्यांत बोटे घालू नयेत आणि त्याला मिठी मारण्यासाठी होडीत ओढू नये. वजनाची उत्सुकता असेल तर पाण्यातच मोजपट्टी लावावी: घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ८००, सर्व मापे इंचांत. ७२ इंच लांब आणि ३६ इंच घेराचा मासा साधारण ११७ पौंड, म्हणजे ५३ किलो भरतो. घेर मोजायला जमत नसेल तर लांबीवर समाधान मानावे.

त्यानंतर खालचा जबडा धरून होडी अगदी हळू पुढे नेली जाते, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहू लागते. माशाने शेपटी जोराने हलवून स्वतःहून हात सोडवला की तो सुटला असे समजावे. त्याआधी सोडलेला मासा शार्कच्या तोंडी जातो.

## १०. धक्क्यावर उतरल्यावर लगेच

बक्षिसी द्यावी, दोन्ही होड्यांचा खर्च त्याच संध्याकाळी वाटून टाकावा, आणि कॅप्टनचे काम आवडले असेल तर होडी धुऊन होण्यापूर्वीच पुढच्या वर्षाची तारीख मागावी. पुढच्या मे-जूनच्या अमावास्या-पौर्णिमेच्या तारखा यासाठी खिशात लिहून आणलेल्या असाव्यात. ज्या ओहोट्या आपल्याला यंदा मिळाल्या नाहीत, त्या कोणीतरी मागच्या वर्षी अशाच, धक्क्यावर उभे राहून, घेतलेल्या होत्या.